स्वप्नांत येणारे आप्त

गेल्या पावसाळ्यांत आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें तास संपल्यावर आम्हांस हळूच विचारलें, "सर, आजी वारल्यापासून माझ्या स्वप्नांत येते आणि पाणी मागते. आमच्याकडून तिचें कांहीं करावयाचें राहिलें असेल काय?" त्या वेळीं आम्हीं त्यास "निजण्यापूर्वीं प्रार्थना करीत जा" एवढेंच सांगितलें. उत्तर खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. आमचे वडील वारले तेव्हां आम्ही परगांवीं होतों. पुढें कित्येक महिने ते आमच्याही स्वप्नांत येऊन दाराशीं उभे राहत. हें त्या मुलास सांगण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं, म्हणून हा लेख लिहीत आहों.

मृत मनुष्य स्वप्नांत येऊन कांहीं मागतो, ही समजूत पृथ्वीच्या पाठीवर फार दूरवर पसरलेली आहे. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोंकास, कोलंबिया व व्हेनेझुएला या देशांच्या सीमेवर, वायू नांवाचे लोक राहतात (या नांवाचा आपल्या वाऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं). ते स्वप्नें फार मानतात व घरांत परस्परांस सांगतात. प्रेत एकदां पुरल्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. कांहीं वर्षांनीं अस्थि उकरून काढतात, घरची एखादी स्त्री त्या स्वच्छ करते आणि त्या पुन्हा पुरतात. तेव्हां कोठें मृत्यु पुरा झाला असें ते समजतात.

असाच विचार आपल्या महाराष्ट्रांतही आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या रांगांत, मेळघाट आहे. धारणी व चिखलदरा हे तेथील तालुके. मेळघाटाचें नांव वर्तमानपत्रांत बहुधा बालमृत्यूंच्या बातमींतच वाचावयास मिळतें, ही खेदाची गोष्ट होय. तेथें कोरकू लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या भाषेंत 'कोर' म्हणजे मनुष्य व 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. कोरकू म्हणजे माणसें. ही भाषा मराठीच्या किंवा हिंदीच्या कुळांतली नसून मुंडा कुळांतली आहे.

कोरकू परंपरेनें प्रेत पुरतात. पूर्वीं खड्ड्यांत दोन पैसे टाकीत. ती मृतानें घेतलेल्या जागेची किंमत. परंतु एवढ्यानें जीव स्वस्थ होत नाहीं. तो ना जिवंतांत, ना पितरांत, असा मध्येंच राहतो. म्हणून पुढें 'सिडोली' नांवाचा विधि करावयाचा असतो. सागाच्या लांकडाचा एक लहान खांब घडवितात, त्यावर सूर्य, चंद्र व घोडेस्वार कोरतात. याचें नांव मुंडा. आप्तेष्टांस जेवण घालून हा खांब कुळाच्या ठरलेल्या जागीं, पूर्वजांच्या जुन्या खांबांशेजारीं, नेऊन रोवतात. मग तो जीव पितरांत मिळाला असें मानतात.

हा विधि केव्हां करावा? रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत मृत्यूनंतर चार महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंत केव्हांही, असें नमूद आहे. इतकी सवलत कां? कारण उघड आहे. बकरें, धान्य, सर्व सोयऱ्यांचें जेवण, हें गरिबाच्या घरीं एका वर्षांत जमत नाहीं. म्हणून एकाच वेळीं घरांतल्या अनेक मृतांची सिडोली उरकीत. मेजवानीपायीं कर्ज काढणें आम्हांस पसंत नाहीं. पण ज्या रूढीनें गरिबास पंधरा वर्षांची मुदत दिली, ती घालणारे लोक निर्दय नव्हते असें आम्हांस वाटतें.

आणि आपण देवनारकर तरी निराळे आहों काय? येथें १९२७ पासून शहराच्या कचऱ्याचा डोंगर वाढत आला आहे. कावळ्यांस तोटा नाहीं. तरी शेजाऱ्यांच्या घरच्या दहाव्या दिवशीं पिंडाजवळ एकही कावळा उतरेना, हें आम्हीं पाहिलें आहे. सगळे हात जोडून उभे. शेवटीं थोरला मुलगा मोठ्यानें म्हणाला, "बाबा, धाकट्याचें शिक्षण मी पुरें करीन." त्यानंतर कावळा शिवला. तो शिवलाच नसता तर दर्भाचा कावळा करून पिंडास लावला असता. पण मुलाचें वचन मात्र साऱ्या आळीनें ऐकलें होतें. नोव्हेंबरच्या दुसऱ्या तारखेस आमचे कॅथलिक शेजारी थडग्यांवर मेणबत्त्या लावतात, तेव्हांही मुखानें अशींच वचनें पुटपुटतांना आम्हीं ऐकलें आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर आम्हीं त्या विद्यार्थ्यास पुन्हा बोलाविलें, आमच्या वडिलांचें स्वप्न त्यास सांगितलें आणि विचारलें, "आजी पाणीच कां मागते?" तो बराच वेळ बोलेना. मग म्हणाला, "शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनीं पाणी देऊं नका म्हटलें होतें. रात्रीं मी एकटाच जवळ होतों. तिनें तीनदां मागितलें. मी पेला लपविला." हें त्यानें घरीं कोणास सांगितलें नव्हतें. त्याच सायंकाळीं आम्ही दोघे त्याच्या आईकडे गेलों.