साडेसोळा मिलिमीटरच्या गप्पा

"चाकं पुसली का?" आमच्या मंडळींत रामराम झाला की पुढचा प्रश्न हाच. विचारणाऱ्याला उत्तराची घाई नसते. खेळण्यातल्या रेल्वेची चाकं कधीच पुरेशी पुसलेली नसतात, हे दोघांनाही ठाऊक असतं. रुळातली बारा व्होल्टची वीज चाकांवाटे मोटरपर्यंत जाते. मध्ये काळा थर बसला की इंजिन अडखळतं, पुढचा दिवा फडफडतो आणि शेवटी बोटानं ढकलावं लागतं. त्यात आमचं गाव बिडकीन, म्हणजे पैठण रोड. उन्हाळ्यात दार पाच मिनिटं उघडं राहिलं तरी टेबलावर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ. पुण्यातला दोस्त महिन्यातून एकदा रूळ पुसतो, आम्ही रोज. "तुमच्याकडं गाडीपेक्षा फडकं जास्त फिरतं," असं तो म्हणतो, आणि ते खरं आहे.

गावाला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन संभाजीनगरचं, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचं, पंचवीसेक किलोमीटरवर. तरीही रेल्वेचं वेड लागलेली माणसं इथे, पैठणला, शहरात आणि पुढे पुण्या-मुंबईपर्यंत एकमेकांना धरून आहेत. कुणी बँकेतून निवृत्त, कुणी वायरमन, कुणी शाळेत गणित शिकवणारा. गेल्या तीसेक वर्षांत ही माणसं रोज काय बोलत आली, याचा मागोवा घ्यावा असं बरेच दिवस मनात होतं. मोठ्या चर्चा यात फारशा नाहीत. बहुतेक बोलणं कपलिंग, रंग, डिंक आणि "घरात कुणाला सांगू नका, पण अजून एक डबा घेतला" या पातळीवरचं. मला तेच मोलाचं वाटतं.

सुरुवात धरायची तर मीटरगेज गेलं तिथून. मनमाड ते हैदराबाद ही लाइन निजामाच्या काळात, १९०० च्या सुमारास पडली. एक मीटर रुंदीची. औरंगाबादहून मुंबईला जाणारा माणूस मनमाडला उतरायचा, वळकटी डोक्यावर घ्यायचा आणि मोठ्या गाडीत चढायचा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज आलं आणि मनमाडचा तो फलाट बदलायचा सोहळा संपला. लोकांना आनंद झाला, व्हायलाच हवा होता. पण त्याच सुमारास आमच्यातल्या थोरल्यांनी पत्रा कापून वायपी इंजिनं करायला घेतली. जमशेदपूरला टेल्कोत बनलेलं हे मीटरगेजचं वाफेचं इंजिन त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं. मोजमाप नव्हतं, नकाशा नव्हता. एकानं पायऱ्या किती होत्या हे आठवून सांगायचं, दुसऱ्यानं "छ्या, तीन नव्हत्या, चार होत्या" म्हणायचं. त्या काळातल्या गप्पा म्हणजे निम्मी साक्ष आणि निम्मं भांडण.

विकत काही मिळत नव्हतं. हॉर्न्बी, मार्कलिन ही नावं ऐकून माहीत. परदेशी खेळण्यांची आयात मोकळी नव्हती, ती बंधनं टप्प्याटप्प्यानं उठायला २००१ उजाडलं. तोवर कुणाचा मेहुणा दुबईहून किंवा लंडनहून येणार असेल, तर ती बातमी आठवडाभर आधी सगळ्यांना असायची. आलेल्या डब्यातून निघायचं ते ब्रिटिश नाहीतर जर्मन इंजिन. सुंदर, पण आपलं नव्हे. मग त्याला तपकिरी रंग फासायचा आणि बाजूला "द.म.रे." लिहायचं. हे चालतं की नाही, यावर त्या वेळी दोन तट होते. आजही आहेत.

मग गेजचा हिशोब आला, आणि तो आमच्या गप्पांतून कधी गेलाच नाही. जगभर सगळ्यांत जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे एकास सत्त्याऐंशी. युरोप-अमेरिकेतल्या खऱ्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर. भागिले ८७ केलं की साडेसोळा. म्हणून बाजारातले रूळ साडेसोळा मिलिमीटरचे. पण आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. त्याचं उत्तर येतं एकोणीस आणि वर थोडं. म्हणजे विकतच्या रुळावर आपली गाडी उभी केली की वरचा डबा बरोबर, खालची चाकं मात्र जवळ आलेली. जवळजवळ सगळेच हे पोटात घालतात. आमचे गणिताचे सर घालत नाहीत. त्यांनी एकोणीस मिलिमीटरचे रूळ स्वतः रोवायला घेतले, एकेक स्लीपर लाकडाचा, एकेक खिळा हातानं. पाच फूट झालेत. "सर, गाडी कधी?" असं विचारलं की ते म्हणतात, "आधी रस्ता, मग वाहन."

गंमत पुढे आहे. मीटरगेजला ८७ नं भागलं की साडेअकरा येतात, आणि बारा मिलिमीटरचे रूळ बाजारात आहेत. ज्या गाडीला आम्ही निरोप दिला, तीच छोट्या रूपात ब्रॉडगेजपेक्षा अचूक चालवता येते! हा शोध लागल्यावर मंडळींत काही दिवस नुसता उत्सव होता. मग कुणीतरी बार्शी लाइट काढली. ती अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटर, भागून पावणेनऊ. एन गेजचे रूळ नऊ मिलिमीटरचे असतात, तेव्हा तीही बसली. माथेरानची दोन फुटी गाडी सातावर येते, तिथे मात्र सगळ्यांनी हात टेकले. झेड गेजचे साडेसहा मिलिमीटरचे रूळ आहेत, पण त्यांच्यावर चालणारी मोटर माथेरानच्या इंजिनात मावेल अशी करणं म्हणजे घड्याळजीचं काम.

बार्शी लाइटचं नाव निघालं की गप्पा लांबतात, आणि लांबाव्यातच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ मध्ये आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत ही लाइन सुरू केली. पुढे ती १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं ताब्यात घेतली, आणि २००० नंतर तिचे एकेक तुकडे ब्रॉडगेज झाले. याच माणसानं बार्शीच्या अनुभवावर इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही छोटी रेल्वे १९०४ मध्ये उभी केली. ती तीस वर्षांतच बंद पडली, पण तिथले हौशी लोक तिच्या प्रतिकृती अजून करतात. त्या इंजिनांचं रूप वसाहतीतलं, पुढे भलामोठा दिवा. आपल्या उन्हातली गाडी विलायतेच्या धुक्यात नेऊन ठेवलेली. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या छंदिष्टाशी बोलताना पुणं-मुंबई त्याला कदाचित कळणार नाही, बार्शी मात्र तो बरोबर उच्चारतो. (कॅल्थ्रॉपनं पुढे विमानातून उडी मारायच्या छत्र्या बनवल्या. हा तपशील आमच्यापैकी कुणाच्याच उपयोगाचा नाही, तरी दर दोन महिन्यांनी कुणीतरी नव्यानं सांगतोच.)

१ एप्रिल १९९८ ला कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय लोकांसाठी उघडलं. भाऊ जोशी यांनी अनेक वर्षं जमवलेलं, हातानं उभं केलेलं ते एचओतलं आख्खं शहर. याआधी आमच्यातले बहुतेक जण आपण एकटेच वेडे आहोत अशा समजुतीत होते. बायकामुलांना पुणं दाखवायला म्हणून नेलेले लोक तिथे शनिवारवाड्यापेक्षा जास्त वेळ थांबले. तिथून गप्पांचा सूर बदलला. "हे कुठे मिळतं?" च्या जागी "हे त्यांनी कसं केलं असेल?" हा प्रश्न आला. सिग्नल लाल झाला की गाडी आपोआप थांबते, म्हणजे रुळाचा तेवढा तुकडा वेगळा तोडून त्याची वीज सिग्नलबरोबर बंद होत असणार, हे आमच्या वायरमननं परतीच्या एसटीत समजावून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं घरच्या जिन्याच्या स्विचवर ते करून दाखवलं.

पुढची दहा वर्षं लोडशेडिंगची. खेड्यात रोज कित्येक तास वीज नसायची. मोटारसायकलची बॅटरी बारा व्होल्टचीच असते, हे त्या काळात आमच्या फार कामी आलं. अख्ख्या आळीत अंधार आणि एका खोलीत डब्यांचे दिवे लावून गाडी गोल फिरतेय, असं पाहायला शेजारची पोरं यायची. सामानही घरचंच. खडी म्हणून क्रशरवरची कच दोनदा चाळून. माती म्हणून उकळून वाळवलेली चहाची पत्ती. गवत म्हणून हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा. डोंगर करायची कला पुण्याकडच्यांना आयती होती, दिवाळीत किल्ले करून करून हात तयार झालेला. आमच्याकडे किल्ल्यांचं प्रस्थ तेवढं नाही, आम्ही ते गणपतीच्या देखाव्यावर शिकलो. मूर्तीभोवती फिरणारी गाडी कुठल्याही मंडळाला चालते, आणि वर्गणीतून रुळांचा खर्च निघतो. हिशोब तपासणाऱ्यांनी एवढं माफ करावं.

माथेरानची गाडी या सगळ्या काळात बोलण्याचा ठरलेला विषय. २६ जुलै २००५ च्या पावसानं तिचा मार्ग उखडला, २००७ मध्ये ती परत आली, २०१६ मध्ये डबे घसरल्यावर थांबली, २०१९ च्या पावसात पुन्हा रूळ वाहिले आणि नेरळपासून पूर्ण गाडी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. दर वेळी "आता संपली" म्हणणारे आणि "बघा, येईल" म्हणणारे तेच ते लोक, फक्त आलटून पालटून.

सेंटी कंपनीच्या प्लॅस्टिक गाड्या बाजारात आल्या आणि छंद स्वस्त झाला. पोरांसाठीचं सेलवर चालणारं खेळणं, पण डबे ओळखीचे, आपले. त्यात चांगली मोटर बसवायची, धातूची चाकं घालायची, रंग नीट द्यायचा. रंगावरून जितकं बोलणं झालं तितकं दुसऱ्या कशावरून झालं नसेल. जुना तांबूस गेला, निळा आला; निळ्याची सवय होते तोवर एलएचबी या नव्या धाटणीचे लाल-करडे डबे आले; २०१८ मध्ये चेन्नईच्या कारखान्यानं जुन्या धाटणीचा शेवटचा डबा बाहेर काढला. रेल्वे रंग बदलते तेव्हा तिला टेंडर काढावं लागतं, आम्हाला गच्चीवर वर्तमानपत्र पसरावं लागतं. आणि लांबी! एलएचबीचा डबा एचओत सत्तावीस सेंटिमीटर होतो. बावीस डब्यांची गाडी सहा मीटरच्या आसपास, म्हणजे खोलीच्या एका भिंतीतून घुसून दुसरीतून बाहेर. सगळे जण सात-आठ डब्यांवर भागवतात. अठरा इंच त्रिज्येच्या वळणावर हे लांब डबे बाहेर एवढे झुकतात की फलाटावरची छोटी माणसं आडवी होतात. "फलाट मागं घ्या" की "डबा आखूड करा", हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही. मी फलाट मागे घेणाऱ्यांतला.

मार्च २०२० मध्ये देशातल्या प्रवासी गाड्या थांबल्या. खऱ्या गाड्या बंद आणि घराघरांतल्या चालू, असे ते महिने. गप्पा सकाळपासून रात्रीपर्यंत. ८ मे ला मात्र करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. आमच्या जिल्ह्यात, आमच्याच लाइनवर. पायी गावाकडे निघालेली माणसं. त्यानंतर काही दिवस रुळांविषयी हौसेनं बोलायला जीभ रेटेना.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं होतं, २०२३ मध्ये ते सत्तर झालं. जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानकाचा शिक्काही सक्तीचा झाला. प्रमाणात बनवलेली प्रतिकृती आणि पोरांचा खुळखुळा कस्टम्सच्या यादीत एकाच खणात येतात. साठीतल्या माणसानं डोळ्याला भिंग लावून जोडायच्या इंजिनाला "खेळणं" म्हणावं, यावर पहिले काही दिवस राग, मग विनोद आणि शेवटी काम. परदेशातून मागवणं परवडेना, तेव्हा घरी करणं वाढलं. मला विचाराल तर या शुल्कानं आमचा खिसा कापला आणि हात सुधारले, आणि दोन्ही गोष्टी एकाच तोंडानं बोलणं आम्हाला जमतं.

आता गप्पांत नवी पोरं आहेत. शहरात इंजिनिअरिंग शिकणारी, थ्रीडी प्रिंटरवर रात्रीत डब्याची बाजू छापून सकाळी आणून दाखवणारी. थोरल्यांना आधी हे पटेना. "हातानं काय केलंस त्यात?" मग एकाला वायपीच्या पायऱ्या हव्या होत्या, पोरानं मोजमाप मागितलं, आणि तीन की चार हा तीस वर्षांपूर्वीचा वाद नव्यानं पेटला. पोरानं निमूटपणे दोन्ही छापून दिल्या.

डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे २०२५ मध्ये नांदेडपर्यंत गेली. सुरुवातीला ती आठ डब्यांची होती. एचओत सव्वादोन मीटरच्या आत बसणारी, एकही डबा न गाळता. एवढी सोयीची खरी गाडी आमच्या वाट्याला पहिल्यांदाच आली, आणि थोरले म्हणतात तिला इंजिनच नाही, मग करायचं काय? पोरं म्हणतात, काका, मोटर कुठल्याही डब्यात घाला. यावर पैठणच्या एका मित्रानं सुचवलं की वंदे भारत आणि जुनी मीटरगेज, दोन्ही गाड्या एकाच टेबलावर ठेवा, आणि स्टेशनाला नाव द्या बिडकीन. आता बोर्ड कुठल्या काळचा, पिवळा रंग किती गडद, समुद्रसपाटीपासून उंची किती लिहायची, बारा मिलिमीटरची लाइन फलाटाच्या कुठल्या बाजूला, हे रोज चालू आहे. सर म्हणतात एकोणीस मिलिमीटरशिवाय ते पाटीवर सही करणार नाहीत. वायरमननं विचारलं, "सर, सहीचं राहू द्या, खडीची चाळणी आणता का?"