उपमुख्यमंत्रिपदाचे राजकारण

राज्यघटनेत उपमुख्यमंत्रिपदाचा उल्लेखही नाही. तरीही त्यावर कोणास बसवावे, हा पक्षश्रेष्ठींच्या कसोटीचा प्रश्न ठरतो. 1978 साली वसंतदादा पाटलांच्या मंत्रिमंडळात नासिकराव तिरपुडे आले, ते दोन काँग्रेसची मोट बांधण्यासाठी. ती पाच महिनेही टिकली नाही.

2004 ची निवड निराळी होती. राष्ट्रवादीस 71 आणि काँग्रेसला 69 जागा मिळूनही शरद पवारांनी मुख्यमंत्रिपद सोडले, अधिक खाती घेतली आणि उपमुख्यमंत्रिपदी आर. आर. पाटील यांना बसविले. तासगाव तालुक्यातील अंजनीच्या या पुढाऱ्यामागे ना साखर कारखाना होता, ना घराणे. ग्रामस्वच्छता अभियानाने दिलेली प्रतिमा हेच त्यांचे भांडवल. कारखानदारांचा पक्ष हा शिक्का पुसण्यास असा माणूस उपयोगी. शिवाय ज्याचा गट नाही, तो डोईजड होण्याची भीतीही कमी. हे दुसरे कारण अर्थातच कोणी व्यासपीठावरून सांगत नाही!

पण गट नसलेल्याला संकटात आडोसाही नसतो. 2008 मध्ये मुंबईवरील हल्ल्यानंतर एका उद्गारावरून टीकेचे काहूर उठले आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. 2009 साली तासगाव-कवठे महांकाळच्या मतदारांनी त्यांना निवडून दिले. गृहखाते परत मिळाले. उपमुख्यमंत्रिपद मात्र छगन भुजबळांकडेच राहिले.