घर विकायचंय? रंगाच्या आधी कागद बघा



दिवाळी झाली की आपल्या बैठकांमध्ये घराच्या कामासाठी कर्जाची मागणी वाढते. कुणाला पत्रे बदलायचे असतात, कुणाला लादी बसवायची असते. अलीकडे आणखी एक कारण ऐकू येतं : "ताई, खोली विकायची आहे, जरा चांगली दिसली तर भाव येईल."

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मानपाड्याचंच बघा. इथं आधी गावं होती, मग बैठ्या चाळी आल्या, मग इमारती. कितीतरी कुटुंबांनी इथं खोली घेतली, मुलं मोठी केली. आता कुणाला मोठं घर हवंय, कुणाला गावी परत जायचंय. म्हणून विकण्याआधी घरावर किती आणि कशावर खर्च करायचा, ते नीट समजून घेऊ.

भाव कशाने ठरतो?

बहुतेक लोक घर बँकेचं कर्ज काढून घेतात. बँकेचा माणूस घर बघायला येतो तेव्हा तो भिंतीचा रंग मोजत नाही. करारनाम्यातलं क्षेत्रफळ, इमारतीचं वय, मंजूर नकाशा, परवानग्या हे बघतो. कागद अपुरे असले की कर्ज नामंजूर. मग उरतो तो रोख पैसे देणारा, आणि तो आपली अडचण ओळखून भाव पाडतो.

आपल्या भागात तर ही गोष्ट जिवाशी आलेली आहे. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्यात राहणाऱ्यांनी घरं सजवली नव्हती का? सजवली होती. पण पाया कागदाचा असतो, तोच खोटा निघाला. तेव्हापासून घेणारा पहिला प्रश्न कागदाचाच विचारतो.

म्हणून पहिला खर्च फाइलीवर करा. हे कागद गोळा करा :

- नोंदणी केलेला करारनामा आणि इंडेक्स-२. आपल्या आधीच्या मालकांचे करारनामेसुद्धा
- बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र
- सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला
- मालमत्ता कराची आणि विजेच्या बिलाची शेवटची पावती
- कर्ज फिटलं असेल तर बँकेचा तसा दाखला

घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे, हे लक्षात ठेवा. तसंच नुसत्या नोटरीच्या कागदाने घराची मालकी बदलत नाही, त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. चाळीतल्या खोलीचा कागद नोटरीचाच असेल तर लपवू नका. आधी माहितगार वकिलाला दाखवा आणि मगच घरावर पैसे घाला.

गावाकडचं घर विकायचं असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मिळकत पत्रिका बघा. सासऱ्यांच्या नावावरचं घर असेल तर आधी वारसांची नावं लागली पाहिजेत. त्यात नणंदांचाही हक्क आहे, तो डावलून केलेला व्यवहार पुढे अडकतो.

मग पाणी थांबवा

आपल्याकडचा पाऊस भिंतीची परीक्षा घेतो. घेणारा घरात आला की आधी छताचे कोपरे बघतो. ओलीवर पुट्टी आणि रंग फासला तर पोपडे पुन्हा येतात, आणि घेणाऱ्याचा विश्वास उडतो तो वेगळाच.

ओल कुठून येते ते ओळखा. पावसाळ्यातच वाढत असेल तर पाणी बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून येतंय. बारा महिने असेल तर पाइप किंवा बाथरूम बघा. एका रात्री न्हाणी ट्रॅप कापडाने घट्ट बंद करून बाथरूममध्ये बोटभर पाणी साठवा. सकाळी पलीकडची भिंत किंवा खालच्यांचं छत ओलं दिसलं तर दोष सापडला. पुष्कळदा लाद्यांचे सांधे नीट भरून काम भागतं, सगळी लादी उखडावी लागत नाही.

इमारतीत राहत असाल तर एक गोष्ट विसरू नका. सोसायटीच्या आदर्श उपविधीप्रमाणे पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती दुरुस्त करणं हे सोसायटीचं काम आहे. त्यावर आपल्या कर्जाचे पैसे घालू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर दर ५ वर्षांनी, आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर दर ३ वर्षांनी संरचनेची तपासणी करायची असते. तिचा ताजा अहवाल असेल तर तो फाइलीत ठेवा.

गिलाव्याचं काम होळीनंतर, उन्हाळ्यात करा. नव्या गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारा, पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग लावा.

थोड्या पैशात फरक

गळके नळ, तुटकी कडी, न लागणारी खिडकी, सैल झालेला स्विचबोर्ड ही कामं आधी करा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फिकट रंग लावला की लहान खोली मोठी वाटते. माळ्यावरचं सामान काढलं, ओटा घासला, खिडकीची जाळी बदलली की घर निम्मं उजळतं. यातल्या बऱ्याच कामांना पैसा नाही, मेहनत लागते.

महागडं स्वयंपाकघर, नक्षीचं छत, भारीतलं फर्निचर यावर खर्च करू नका. आपली आवड घेणाऱ्याची असेलच असं नाही. आणि जागा वाढवण्यासाठी भिंत फोडायच्या भानगडीत तर पडूच नका. त्यात खांब-तुळईला धक्का लागला तर आख्खी इमारत धोक्यात येते.

कर्ज कुणाचं, घर कुणाचं?

आता मुद्द्याची गोष्ट. समजा, एका ताईने गटातून ६०,००० रुपये घेऊन घर दुरुस्त केलं. व्याज महिना दीड टक्का, म्हणजे ९०० रुपये. आठ महिने घर विकलं गेलं नाही तर नुसतं व्याजच ७,२०० रुपये. तेवढा भाव वाढून मिळणार आहे का, हा हिशोब आधी मांडा.

आणि घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असेल तर? विक्रीचे पैसे त्याच्या खात्यात जातात, हप्ता मात्र हिच्या पासबुकात राहतो. म्हणून कर्ज मागताना घरात स्पष्ट बोला : घर विकल्यावर सगळ्यात आधी गटाचं कर्ज फिटेल, आणि नव्या घराच्या करारनाम्यात माझं नाव येईल. आपल्या राज्यात २०२१ पासून महिलेच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. वीस लाखांच्या घराला ती वीस हजार होते. घरच्यांना पटवायला हा आकडा उपयोगी पडेल. अटी निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

घरात तुमचं नाव असेल तर तुमच्या सहीशिवाय तुमचा हिस्सा विकता येत नाही. वाचल्याशिवाय सही करू नका, आणि इसाराची रक्कम चेकनेच घ्या.

पुढच्या बैठकीत एक काम करूया. प्रत्येकीने आपल्या घराचा कागद घेऊन या आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते वाचून दाखवा. घर विकायचं नसलं तरी चालेल. जे घर आपण रोज झाडतो, सारवतो, त्याच्या कागदावर आपण आहोत का, एवढं प्रत्येकीला माहीत असायलाच हवं.