एका मण्याचा फरक

पदार्थविज्ञान शिकविणाऱ्याने रक्ताविषयी का लिहावे, असे एखादा चौकस विद्यार्थी विचारील. कारण सांगतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात अनेक घरांना ठाऊक असलेल्या सिकलसेल या आजाराचे मूळ सापडले, ते विद्युतभाराच्या परीक्षेतून.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. मणी मुख्यतः २० प्रकारचे. काही पाण्याशी सलगी करतात, काही तेलाप्रमाणे पाणी टाळतात. धन व ऋण भार एकमेकांस ओढतात. या ओढाताणीत माळेची ठराविक आकाराची गुंडाळी होते, आणि प्रथिनाचे काम त्या आकारावरच अवलंबून असते. तांबड्या पेशींतील हीमोग्लोबिनमध्ये अशा चार माळा असतात: १४१ मण्यांच्या दोन व १४६ मण्यांच्या दोन. प्रत्येकीत लोहाचा एक अणू असतो. प्राणवायू त्याला धरून प्रवास करतो.

१९४९ साली अमेरिकेत लायनस पाउलिंग व सहकाऱ्यांनी सिकलसेल रुग्णांचे हीमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात ठेवले. ते निरोगी हीमोग्लोबिनपेक्षा निराळे सरकले! म्हणजे त्यावरील भार वेगळा होता. पण ५७४ मण्यांपैकी बदललेला मणी कोणता? केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रम यांनी हीमोग्लोबिनचे तुकडे करून ते कागदावर पसरविले. एका दिशेने विजेच्या जोरावर, दुसऱ्या दिशेने द्रवाच्या ओघात. सुमारे तीस डागांपैकी एकच डाग जागचा हलला होता. ग्लुटामिक आम्लाऐवजी तेथे व्हॅलिन आले आहे, हे १९५७ साली कळले. साधने किती साधी, पाहा!

हा मणी लांब माळेत सहाव्या जागी असतो. ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो. व्हॅलिनवर नसतो, आणि ते पाणी टाळते. प्राणवायू सोडताना हीमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो व त्याच्या अंगावर एक खोबण उघडी पडते. शेजारच्या रेणूचे व्हॅलिन तीत नेमके बसते. असे रेणूला रेणू चिकटून दोर बनतात आणि वाटोळी, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकते. ती केशवाहिन्यांत अडकते. हाडे असह्य दुखतात. एरवी १२० दिवस टिकणारी पेशी १० ते २० दिवसांतच मोडते.

सदोष जनुक आई व वडील या दोघांकडून आले तर हा आजार होतो. एकाकडूनच आले तर मनुष्य वाहक. तो सहसा धडधाकट असतो, त्यामुळे त्याला पत्ताही नसतो. दोघे वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता चारांत एक. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, हा हिशेब साफ चुकीचा आहे. नाणे मागचा कौल लक्षात ठेवीत नाही.

तपासणीत रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकतात. ते गढूळ होऊन मागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर सिकल हीमोग्लोबिन असल्याचा संशय घेतात. मग रुग्ण की वाहक, हे ठरविण्यासाठी नमुना विद्युतक्षेत्रात ठेवता येतो, १९४९ सालच्याच तत्त्वाने. वाहकाच्या नमुन्यात निरोगी व सिकल असे दोन्ही पट्टे उमटतात. रुग्णाच्या नमुन्यात निरोगी पट्टा नसतो.