घरचा संगणक वारंवार बंद पडतो तेव्हा

थोरलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अर्धा भरून झाला आणि पडदा निळा पडला. आठवड्यात चौथ्यांदा! दुकानदार म्हणाला, "नवाच घ्या." अब्बा म्हणाले, "आधी दोष तर शोधा."

आम्ही प्रथम फोटो आणि कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवली. मग विंडोजमधली मेमरी तपासणी चालवली. तिने बिघाड दाखवला. प्लग काढून झाकण उघडले, तर पंख्यावर धुळीचा थर. तो ब्रशने झाडला. रॅमच्या दोन पट्ट्या एकाच खाचेत आळीपाळीने लावून पाहिल्या. एकीवर संगणक बंद पडे, दुसरीवर सुरळीत चाले. खराब पट्टी तेवढी बदलली.

अर्ज मुदतीत गेला. भगिनींनो, नवा घेण्याआधी एवढे नक्की करून पाहा.