देवाकडे तक्रार करायची मुभा

“संयम ठेव, देवावर विश्वास ठेव.” कॅन्सर झालेल्या माणसाच्या घरात आलेला प्रत्येक जण हे म्हणून जातो. म्हणणाऱ्याचं मन चांगलंच असतं. पण संयम ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे कुणी सांगत नाही. मला ते थोडं परळच्या टाटा हॉस्पिटलात कळलं, थोडं बायबलमधल्या स्तोत्रांतून आणि बरंचसं खारदांड्याच्या शेजारणींकडून.

मी इथलीच. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवलं, त्यामुळे निम्मा दांडा मला ‘टीचर’ म्हणतो. आम्ही कॅथलिक, शेजार बहुतेक कोळ्यांचा. स्तनात गाठ निघाली, बायोप्सी झाली आणि आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन असा क्रम ठरला.

केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण केसांची मुळं, तोंडाच्या आतलं अस्तर, हाडांच्या पोकळीत रक्त तयार करणाऱ्या पेशी याही तशाच. म्हणून केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. डोसानंतर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत त्या तळाला जातात आणि मग हळूहळू भरून येतात. माझ्या औषधात दोन डोसांमध्ये तीन आठवडे ठेवले होते ते यासाठीच. तेवढ्यात शरीर सावरलं नाही तर डोस पुढे ढकलतात. घरून डबा घेऊन निघायचं, रिक्षा बांद्र्यापर्यंतच म्हणून तिथे टॅक्सी करायची, रक्त द्यायचं, रिपोर्टची वाट बघत बसायचं आणि शेवटी ऐकायचं, “काउंट कमी आहेत, पुढच्या आठवड्यात या.” मला त्या वेळी डोस टळल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. या वाट बघण्यातच शरीराची दुरुस्ती चाललेली असते, हे डॉक्टरांनी समजावल्यावर डोक्याला पटलं. मनाला पटायला वेळ लागला.

तेव्हा मी स्तोत्रसंहिता उघडली. त्यात १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांतली कितीतरी सरळ गाऱ्हाणी आहेत. देवा, तू कुठे लपलास, किती दिवस असं ठेवणार, असं विचारणारी. बायबलमधला इयोब तर देवाशी भांडतोच. येशूने गेथसेमनेच्या बागेत समोर आलेलं दुःख टळावं अशी विनवणी केली. संत पौलाने आपल्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली, आणि तो निघाला नाही. हे सगळं मी लहानपणापासून मिस्सात ऐकत होते, पण वॉर्डात सलाइन चालू असताना वाचलं तेव्हा वेगळं लागलं. रडलं, चिडलं म्हणून श्रद्धा कमी होत नाही. मी रोज रात्री देवासमोर मनसोक्त तक्रार करू लागले आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर वाट बघणं सोपं होत गेलं. दिवसभर घरच्यांवर निघणारा राग तिथे रिकामा व्हायचा.

पहिल्या डोसाआधी फादर घरी आले, माझ्या कपाळाला आणि तळहातांना त्यांनी पवित्र तेल लावलं. सासूबाई रडायलाच लागल्या. जुन्या माणसांच्या मनात तेल लावायला फादर आले म्हणजे शेवट आला, हे पक्कं. खरं तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६५ नंतर, चर्चने हा संस्कार कुठल्याही गंभीर आजाऱ्यासाठी असल्याचं स्पष्ट केलंय. फादरांनी सासूबाईंना शेजारी बसवून हे सांगितलं, आणि जाताना मला म्हणाले, “डोस चुकवू नका.” प्रार्थना करायची ती उपचाराच्या जागी नव्हे, उपचाराबरोबर. ‘तेल लागलं, आता औषध कशाला’ असं कुणी सांगत असेल तर त्याचं अजिबात ऐकू नये.

आता कृतज्ञतेबद्दल. कॅन्सरबद्दल मी देवाचे आभार मानले नाहीत, मानणारही नाही. ‘देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याचीच परीक्षा बघतो’ हे वाक्य आजाऱ्याच्या तोंडावर कुणी बोलू नये असं माझं ठाम मत आहे. मी आभार मानले ते माणसांचे. केमोने शिरा कडक होतात, सुई लागत नाही. एका सिस्टरने घाई न करता माझा हात कोमट पाण्यात धरून ठेवला, बोटाने चाचपत राहिली आणि एकाच टोचण्यात शीर धरली. रात्री रोजरी संपली की मी तिचं नाव घेतलं. मग रोज त्या दिवशीच्या माणसांची नावं घ्यायची सवयच लागली.

थंडीत दांड्यावर बोंबील वाळत घालतात. त्या वासात मी वाढले, पण केमोच्या काळात तो आला की पोटात ढवळायचं. मी कुणाला बोलले नव्हते. समोरच्या मावशींनी मला खिडकी लावून घेताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांची बोंबील वाळवायची वलांडी पार टोकाला हलली. हलवायला किती मेहनत, आणि टोकाला कुत्र्यांची राखण वेगळी. विचारलं तर म्हणाल्या, “तिथं वारा बरा लागतो, टीचर.” याच मावशींनी सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीला, म्हणजे माउंट मेरीला, माझ्यासाठी मेणाची बाहुली वाहिली होती. ८ सप्टेंबरच्या मारियाजन्माच्या सणानंतर येणाऱ्या रविवारी जत्रा सुरू होते, तिथे कोळी, ख्रिस्ती, सगळेच जातात.

टाटा १९४१ साली सुरू झालं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. गोव्याकडचे हे ख्रिस्ती सर्जन त्याच हॉस्पिटलात कॅन्सरच्या रुग्णांसाठी झिजले. त्या रस्त्याच्या फूटपाथवर आजही बिहार-बंगालपासून विदर्भापर्यंतची कुटुंबं पथारी टाकून असतात. काहींना दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळते, सगळ्यांना नाही. रात्री दांड्याला स्वतःच्या अंथरुणावर पडायला मिळतं, ही केवढी गोष्ट आहे, ते मला त्या फूटपाथवरून चालताना कळलं.

माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई बरी झाली नाही. शेवटचे दिवस ती बांद्र्याला माउंट मेरीजवळच्या शांती आवेदना सदनात होती. १९८६ साली सुरू झालेलं हे भारतातलं पहिलं हॉस्पिस. उपचार संपलेल्यांची तिथे विनामूल्य सेवा होते, धर्म न विचारता. मी भेटायला गेले तेव्हा नन तिचे पाय चेपत होती आणि ती समुद्राकडे बघत होती. देवाने मला वाचवलं आणि तिला का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती माझ्यापेक्षा कमी श्रद्धाळू नव्हती, एवढं मात्र मी खात्रीने सांगते.

तुमच्या ओळखीत कुणाची केमो चालू असेल तर उपदेश करायला जाऊ नका. रिपोर्टच्या रांगेत त्याच्या जागी उभे राहा, घरच्यांना एक रात्र झोपू द्या, आणि जाण्याआधी फोन करून विचारा, आज कुठला वास सोसत नाही.