मास्क उचलणाऱ्या हातांचे काय?

कोरोनाच्या काळात सरकारने मास्कची सक्ती केली, न लावणाऱ्याकडून दंड वसूल केला. महाराष्ट्रातील ही सक्ती एप्रिल 2022 मध्ये उठली. परंतु वापरून फेकलेला मास्क कोणी उचलला आणि तो शेवटी गेला कुठे, हा प्रश्न तेव्हाही फारसा विचारला गेला नाही. तो आम्ही आज विचारीत आहोत.

प्रथम एक खुलासा. मास्कमुळे शरीरातील प्राणवायू घटतो, ही निव्वळ अफवा होती. नीट लावलेला मास्क रोगाला अटकाव करतो. ओला, मळलेला मास्क मात्र कामाचा नाही. आमचे भांडण मास्कशी नाही, त्याच्या विल्हेवाटीशी आहे.

बाजारातला तीन पदरी मास्क कापडासारखा दिसतो, पण तो पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो. तो कुजत नाही. उन्हापावसात त्याचे बारीक तंतू होऊन मातीत व पाण्यात मिसळतात. उघड्यावर जाळला तर धूर छातीत जातो. ऑक्टोबर 2020 मध्ये राज्य शासनाने त्याची कमाल किंमत 3 ते 4 रुपये ठरविली. गरिबांच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण तो उचलणाऱ्याच्या जिवाची किंमत त्यात कोणी धरली?

वापरलेला मास्क कागदी पिशवीत किमान 72 तास ठेवावा, कापून मगच टाकावा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2020 मध्ये सांगितले होते. प्रत्यक्षात काय घडले? एप्रिल 2021 मध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीत वापरलेले मास्क भरून गाद्या बनविल्या जात असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले!

आता आपल्या हिंगोली जिल्ह्यातील सेनगावकडे या. हळद, सोयाबीन, कापसाचा हा तालुका. गावाला नगरपंचायत आहे. अशा गावांत नाली कोण उपसतो, कचरा कोण उचलतो, हे वाचकांना सांगायला नको. जात हातात झाडू देते आणि कंत्राटदारी त्या हाताला मोजासुद्धा देत नाही. वास्तविक घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये कचरा हाताळणाऱ्या कामगाराला गणवेश, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळतील हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकलेली होती. म्हणजे साऱ्या देशाला मास्क माहीत होण्याच्या चार वर्षे आधीच तो सफाई कामगाराचा हक्क होता! देशावर सक्ती झाली तेव्हा पोलीस चौकाचौकात उभे राहिले. कामगाराच्या हक्कासाठी मात्र कोणीच उभे राहिले नाही.

म्हणून सेनगावच्या सुशिक्षित तरुणांना आमचे आवाहन आहे. माहिती अधिकार कायदा, 2005 खाली 10 रुपयांचे तिकीट लावून नगरपंचायतीकडे अर्ज करा. मागील तीन वर्षांत किती मास्क व हातमोजे खरेदी झाले, कोणाच्या सहीने वाटले, त्या नोंदींच्या प्रती मागा. उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे. मग तो कागद घेऊन वस्तीत जा आणि कामगाराला विचारा, ही सही तुझीच काय?

आणि आपणही वापरलेला मास्क नालीत फेकू नये. तो काढायला वाकणारा माणूस बहुधा आपलाच असतो. बाबासाहेबांच्या संविधानातील कलम 21 ने दिलेला जगण्याचा हक्क त्याचाही आहे.